शिच्याच्वांगचे एक आजोबा आणि अर्ध्या जिनचे कुपन

कच्चा_माल (धागाकर्ता):

औषध कंपनीसाठी कच्च्या मालाची खरेदी करणे हे माझे काम असल्यामुळे २०१७ ते २०१९ या काळात उत्तर चीनमधील हबेई प्रांताची राजधानी असलेल्या शिच्याच्वांग शहरात मला चार वेळा जावे लागले. १९५० च्या दशकात सोव्हिएत मदतीने उभ्या राहिलेल्या कारखान्यामुळे हे शहर प्रतिजैविकांचे मोठे केंद्र बनले, एवढीच त्या शहराची माझी ओळख होती. दुसऱ्या खेपेला, मार्चच्या सुरुवातीस, आमच्या दुभाषी मुलीने आपल्या आजोळी जेवायला येण्याचे आमंत्रण दिले आणि तिथे तिच्या ‘लाओयें’ची, म्हणजे आईच्या वडिलांची, भेट झाली. ते १९३५ साली जन्मलेले, माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक होते. त्यांचे नाव, गाव आणि शाळा मी मुद्दाम लिहीत नाही.

जेवणात राळ्याची पातळ पेज आणि वाफवलेले पाव होते. पेज संपल्यावर आजोबांनी वाटी तिरकी केली, पावाचा तुकडा आतून गोल फिरवून ती पुसून घेतली आणि तो तुकडा तोंडात टाकला. वाटी घासायची गरज उरली नाही. नात हसून म्हणाली, की यांना कितीही सांगितले तरी ही सवय जात नाही. मी त्यावर सांगितले, की १९७२ च्या दुष्काळात माझी आई रेशनवर मिळणारी लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, आणत असे आणि आमच्या घरातही ताटात काही टाकलेले तिला खपत नाही. नातीने हे भाषांतरित करताच आजोबांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिले आणि विचारले, “तुमच्याकडे कुपने होती की पुस्तिका?”

पुढचे सगळे बोलणे या प्रश्नामुळे झाले. त्यांनी कपाटातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला आणि त्यातून टपाल तिकिटापेक्षा थोडे मोठे असे एक धान्याचे कुपन माझ्या हातावर ठेवले. ते अर्ध्या जिनचे, म्हणजे पाव किलोचे होते. चीनच्या शहरांत ही कुपने १९५५ पासून १९९३ पर्यंत चालली. पैसे असले तरी कुपनाशिवाय पीठ मिळत नसे, खाणावळीत साधा पावही मिळत नसे. प्रांताचे कुपन दुसऱ्या प्रांतात चालत नसे, त्यामुळे बाहेरगावी जायचे असेल तर कामाच्या ठिकाणाहून पत्र घेऊन देशभर चालणारी कुपने बदलून घ्यावी लागत. म्हणजे माणूस कुठे जाणार आहे, हे त्याच्या पोटाच्या मार्गाने कोणाला तरी आधीच कळत असे. हे वाक्य माझे आहे. आजोबा असे काही बोलत नसत. ते फक्त वजने आणि तारखा सांगत.

त्यांच्या घराण्याची कहाणी एका रकान्यापासून सुरू होते. १९४७ च्या ऑक्टोबरमध्ये कम्युनिस्ट पक्षाने जो जमीन कायदा जाहीर केला, तो याच भागातील शिबाइपो या खेड्यात भरलेल्या परिषदेत तयार झाला होता आणि वर्षभराच्या आत तो आजोबांच्या गावी पोहोचला. सात माणसांच्या त्या कुटुंबाकडे तीस मू, म्हणजे साधारण पाच एकर जमीन, एक खेचर आणि सुगीपुरता लावलेला एक गडी होता. आपल्याकडे पाच एकर कोरडवाहूच्या मालकाला कोणी श्रीमंत म्हणणार नाही, पण त्या गड्यामुळे कुटुंबाच्या नावापुढे ‘श्रीमंत शेतकरी’ असा शिक्का बसला. पुढे शाळाप्रवेश, नोकरी, लग्न अशा प्रत्येक अर्जावर ‘कुटुंबाचे मूळ’ या रकान्यात हेच दोन शब्द लिहावे लागले. मला आपल्या शाळेच्या दाखल्यावरचा एक रकाना आठवला, पण ती तुलना मी त्यांच्यासमोर केली नाही. जमीनदार आणि श्रीमंत शेतकरी हे शिक्के काढण्याचा निर्णय १९७९ च्या जानेवारीत झाला, तोवर आजोबांची मुलगीही तोच रकाना भरून मोठी झाली होती.

१९५७ च्या वसंतात पक्षाने लोकांना मोकळेपणाने टीका करण्याचे आवाहन केले. ८ जूनच्या ‘पीपल्स डेली’च्या अग्रलेखानंतर वारे फिरले आणि ज्यांनी टीका केली होती त्यांनाच ‘उजवे’ ठरवण्यास सुरुवात झाली. अधिकृत आकड्यानुसार सुमारे साडेपाच लाख लोकांवर हा शिक्का बसला. आजोबांच्या शाळेत चिनी भाषा शिकवणारे एक ज्येष्ठ शिक्षक होते. बैठका इतक्या लांबतात की मुलांच्या वह्या तपासायला वेळ उरत नाही, असे ते शिक्षकांच्या सभेत म्हणाले होते. त्यांची रवानगी श्रमाच्या शेतीवर झाली आणि ते बावीस वर्षांनी परत आले.

पुढच्याच वर्षी शेती आणि उद्योगांचे उत्पादन झपाट्याने वाढवण्याची ‘मोठी झेप’ ही मोहीम सुरू झाली. हबेईतील श्यूशुई तालुका त्या काळात आदर्श म्हणून गाजत होता आणि ऑगस्ट १९५८ मध्ये माओ स्वतः तिथे जाऊन, इतके धान्य तुम्ही खाऊन संपवणार कसे, असे विचारून आले होते. पिकाचा अशक्य आकडा जाहीर करण्याला तेव्हा ‘उपग्रह सोडणे’ म्हणत, कारण सोव्हिएत स्पुटनिक नुकताच आकाशात गेला होता. गणिताच्या या शिक्षकाने वर्तमानपत्रातील एका आकड्यावरून कागदावर हिशोब केला, तेव्हा त्या शेतात लोंब्यांना उभे राहायलाही जागा उरत नव्हती. त्यांनी तो कागद चुलीत टाकला. गावात मात्र घरची चूल पेटवायलाच बंदी झाली होती; सगळ्यांनी सामुदायिक खानावळीत जेवायचे आणि कोणाच्या धुराड्यातून धूर निघाला तर तपासणीला माणसे यायची. पहिली सुगी पोटभर गेली. १९६० च्या वसंतापर्यंत त्या खानावळीत एल्म झाडाची साल आणि मक्याच्या कणसांचे दळलेले बुरकुंडे शिजत होते. शहरात आजोबांना महिन्याला चौदा किलो धान्याचे कुपन असायचे, ते कमी होत गेले. उपासमारीने पायांना सूज येई. “नडगीवर अंगठा दाबायचा,” असे म्हणून त्यांनी विजार वर करून दाखवले, “आणि खड्डा भरून यायला किती वेळ लागतो ते मोजायचे. वर्गातली मुले मोजायची. मी त्यांना थांबवले नाही, निदान ती मोजत तरी होती.” त्यांनी वाचवलेली दहा जिनची कुपने पाकिटातून गावी पाठवली. आई ती घेऊन तालुक्याच्या धान्य केंद्रावर पायी गेली आणि पीठ घेऊन परतली, तोवर वडील गेले होते. माझ्या हातावरचे अर्ध्या जिनचे कुपन मात्र पुष्कळ नंतरचे, १९८० च्या दशकातले, खर्च न झाल्यामुळे उरलेले होते. मी उगाचच त्याला त्या प्रसंगाशी जोडू पाहत होतो.

१९६६ च्या उन्हाळ्यात, सांस्कृतिक क्रांती सुरू झाली तेव्हा, त्यांच्याच विद्यार्थ्यांनी त्यांच्या गळ्यात बाकाची फळी अडकवून त्यांना मैदानात उभे केले. ‘बैल-भुते आणि सर्प-पिशाच्चे’ ही शत्रूंसाठीची शिवी होती आणि म्हणून अशा लोकांना जिथे कोंडत त्या जागेला देशभर ‘गोठा’ म्हणत. त्यांचा गोठा म्हणजे शाळेची खेळाच्या सामानाची खोली. फळीची तार बांधणारा मुलगा भूमितीत वर्गात पहिला होता आणि गाठ सुटू नये म्हणून त्याने तार दोनदा पिळली, हे सांगताना आजोबांनी बोटांनी ती पिळण्याची क्रिया करून दाखवली. पुढे तो मुलगाही इतर लाखो मुलांबरोबर खेड्यात पाठवला गेला. १९७७ च्या ऑक्टोबरमध्ये महाविद्यालयांची प्रवेश परीक्षा पुन्हा सुरू होणार असे जाहीर झाले, तेव्हा तो रताळ्यांचे पोते घेऊन यांच्या दारात आला. आजोबांनी त्याला पाच आठवडे रोज संध्याकाळी शिकवले. त्या डिसेंबरात देशभरातून सुमारे ५७ लाख उमेदवार बसले आणि पावणेतीन लाखांच्या आसपास निवडले गेले. हा निवडला गेला नाही. “त्याची त्रिकोणमिती कच्ची राहिली होती,” असे आजोबा म्हणाले. त्यांच्या आवाजात हळहळ होती ती शिक्षकाची, यापलीकडे मला तरी त्यात काही ऐकू आले नाही.

चीनमध्ये राहिलेल्या किंवा तिथल्या वृद्धांशी बोललेल्या सभासदांनी आपले अनुभव लिहावेत.

सोलापुरी_चादर:

लेख दोनदा वाचला. शिच्याच्वांग म्हटल्यावर आम्हा सोलापूरकरांना प्रथम डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. ते १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मले, १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातील पाच डॉक्टरांपैकी एक म्हणून चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, याच हबेई प्रांतात त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी शिच्याच्वांगच्या हुतात्मा स्मशानभूमीत आहे. त्यांची पत्नी कुओ छिंगलान हिला पुढची सगळी उलथापालथ पाहावी लागली आणि मुलगा यिनहुआ, ज्याच्या नावात भारत आणि चीन या दोन्ही देशांची अक्षरे आहेत, तो वैद्यकाचे शिक्षण घेत असतानाच १९६७ साली वारला. आपल्याकडे कोटणीसांची गोष्ट १९४२ पाशी संपते, हे मला नेहमी खटकते. आपल्या आजोबांना कोटणीस ठाऊक होते का?

कच्चा_माल:

ठाऊक होते, आणि मी महाराष्ट्रातला आहे हे कळल्यावर त्यांनीच ‘के दिहुआ’ हे कोटणीसांचे चिनी नाव घेतले. तिसऱ्या भेटीत आम्ही तिघे त्या स्मशानभूमीत गेलो होतो. दरवर्षी एप्रिलमध्ये पितरांच्या स्मरणाचा छिंगमिंग हा दिवस येतो, त्या दिवशी ते वर्गाला घेऊन तिथे झाडलोट करायला जात असत. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांचीही समाधी तिथेच आहे. बेथ्यून यांच्यावर माओंनी १९३९ साली लिहिलेला लेख सांस्कृतिक क्रांतीच्या काळात सर्वांना तोंडपाठ करावा लागे. गोठ्यात असताना रोज सकाळी तो म्हणून दाखवल्याशिवाय पेज मिळत नसे, असे आजोबांनी सांगितले आणि समाधीसमोर उभ्या उभ्या त्यांनी तो अडखळल्याशिवाय म्हणूनही दाखवला. आजूबाजूचे दोन-तीन वृद्ध थांबले आणि शेवटच्या ओळी त्यांच्याबरोबर म्हणू लागले. एकजण हसत होता.

उलटतपासणी:

लेखन चांगले आहे, परंतु दोन आक्षेप नोंदवतो. पहिला असा, की अशा आठवणी नेहमी शिकलेल्या, शहरी माणसाच्याच असतात. १९४९ ते १९७६ या काळात चीनमध्ये सरासरी आयुर्मान झपाट्याने वाढले, साक्षरता वाढली, अनवाणी डॉक्टरांमुळे, म्हणजे थोडे प्रशिक्षण दिलेल्या गावातल्याच आरोग्यसेवकांमुळे, खेड्यात प्राथमिक उपचार पोहोचले. ज्या भूमिहीनाला तीस मूंच्या मालकाची जमीन मिळाली, त्याच्या नातवाच्या घरी आपण जेवला असता तर हा धागा वेगळा झाला असता. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे आणि त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. १९५७ साली शाळांना, कार्यालयांना ‘उजवे’ शोधण्याची टक्केवारी पाळावी लागत होती. ज्याच्या अर्जावर ‘श्रीमंत शेतकरी’ लिहिलेले आहे असा तरुण शिक्षक त्यातून सुटला आणि ‘बैठका लांबतात’ म्हणणारा ज्येष्ठ शिक्षक अडकला, हे कसे घडले? आपण तो परिच्छेद फार घाईने संपवला आहे.

पुसटरेघ:

पहिल्या आक्षेपाबद्दल थोडेसे. आयुर्मान आणि साक्षरतेचे म्हणणे खरे आहे आणि अमर्त्य सेन यांनीही ते वारंवार मान्य केले आहे. परंतु त्याच सेन यांनी हेही दाखवून दिले, की उपाशी माणसाची बातमी वर पोहोचवणारे वर्तमानपत्र आणि विरोधी पक्ष नसल्यामुळे तो दुष्काळ तीन वर्षे चालू शकला. १९५९ साली, खेडी रिकामी होत असताना, चीनने सुमारे ४० लाख टन धान्य निर्यात केले. मृतांचे अंदाज दीड कोटींपासून साडेचार कोटींपर्यंत जातात आणि त्यातले बहुसंख्य शहरी शिक्षक नव्हते, शेतकरीच होते. ज्यांना जमीन मिळाली होती तेही त्यात होते, कारण १९५८ पर्यंत ती जमीन त्यांच्या हातून जाऊन कम्यूनमध्ये, म्हणजे सामुदायिक मालकीच्या शेतीत, गेली होती. पेंग देहुआय यांच्यासारख्या सेनानीने १९५९ च्या लूशान येथील पक्षाच्या बैठकीत माओंना पत्र लिहून शंका घेतली, तर त्यांचे संरक्षणमंत्रिपद गेले. मग गावच्या कारकुनाने खरा आकडा का लिहावा?

शांघायची_गच्ची:

मी शांघायमध्ये सहा वर्षे राहिले. आमच्या इमारतीतील एक काकू १९६९ साली, सतराव्या वर्षी, थेट रशियाच्या सीमेजवळच्या हैलोंगच्यांग प्रांतातील शेतावर पाठवल्या गेल्या होत्या. शिकलेल्या तरुणांनी शेतकऱ्यांकडून धडे घ्यावेत, हा माओंचा आदेश डिसेंबर १९६८ चा, आणि दशकभरात सुमारे १ कोटी ७० लाख मुलेमुली अशी गेली. काकूंकडून ऐकलेली गोष्ट धागाकर्त्यांच्या गोष्टीसारखी मुळीच नव्हती. त्या शेतावरच्या मैत्रिणींचा त्यांचा गट होता, दर शनिवारी त्या बागेत जमत आणि त्याच काळातली गाणी म्हणून त्यावर नाचत. मी एकदा विचारले, की ज्या वर्षांनी तुमचे शिक्षण बुडवले त्यांची गाणी कशी म्हणवतात? त्या म्हणाल्या, “सतराव्या वर्षी माझ्याकडे दुसरी गाणी कुठे होती?” त्या दहा वर्षांनी परतल्या तेव्हा आईवडिलांच्या एका खोलीत भावाचा संसार थाटलेला होता आणि त्यांना वर्षभर जिन्याखाली झोपावे लागले. राग होता तो त्या जिन्याचा. शेतावरच्या उणे तीस अंशांबद्दल त्या जवळजवळ कौतुकाने बोलत.

धागाकर्त्यांना एक विचारायचे आहे. नात दुभाषी असताना आजोबा तिच्यासमोर किती बोलले असतील? माझा अनुभव असा, की तिथे नातवंडांना यातले फारसे काही सांगितलेले नसते.

कच्चा_माल:

उलटतपासणी आणि शांघायची_गच्ची या दोघांच्या प्रश्नांचे उत्तर एकच आहे आणि ते मूळ लेखात मी टाळले होते, हे कबूल करतो. आजोबा २०२२ च्या डिसेंबरात, कोविडच्या त्या लाटेत गेले. नातीला मी हा धागा काल वाचून, म्हणजे भाषांतरित करून, दाखवला. लिहावे असे तिनेच सांगितले.

चौथी भेट ऑक्टोबर २०१९ मधली. दूरचित्रवाणीवर प्रजासत्ताकाच्या सत्तराव्या वर्धापनदिनाचे संचलन पुन्हा दाखवत होते आणि आवाज बंद करून ठेवलेला होता. मी नेमका हाच प्रश्न विचारला होता, अर्थात इतक्या नेमकेपणाने नव्हे. त्या सभेत तुम्ही कुठे बसला होता, असे विचारले. आजोबा बराच वेळ बोलत राहिले. नात सुरुवातीला वाक्यामागून वाक्य सांगत होती, मग वाक्ये लहान झाली आणि मग ती थांबली. आजोबांनी तिच्याकडे पाहिले, मी काही ऐकले नाही हे त्यांना कळले, तरीही ते बोलणे पूर्ण करूनच थांबले. मला वाटते, ते मला सांगतच नव्हते.

नातीने मला ते दुसऱ्या दिवशी बीजिंगला जाणाऱ्या गाडीत सांगितले. ‘बैठका लांबतात’ एवढ्यावर त्या शिक्षकांचे प्रकरण मिटण्यासारखे होते. परंतु दोघे सार्वजनिक स्नानगृहातून सायकलवर परतत असताना ते आजोबांना म्हणाले होते, की सोव्हिएत पाठ्यपुस्तके आपण डोळे मिटून उतरवून घेतो आहोत. सोव्हिएत संघावर टीका हा तेव्हा गंभीर अपराध होता. बावीस वर्षांच्या आजोबांना सभेत उभे करून विचारण्यात आले, की तुमच्या कुटुंबाचे मूळ पाहता तुम्ही कोणत्या बाजूला आहात? त्यांनी सायकलवरचे ते वाक्य सांगितले. नातीला आणि तिच्या आईलाही हे ठाऊक नव्हते. १९६६ चा गोठा घरात सर्वांना ठाऊक होता, तो सांगण्यासारखा होता.

१९७९ साली त्या शिक्षकांचा शिक्का निघाला. सरकारी शब्द ‘दुरुस्ती’ असा होता, अन्याय झाला असे म्हणण्याचे टाळणारा. ते त्याच शाळेत परतले, त्यांना त्याच शिक्षक-खोलीत मेज मिळाले आणि ते वारले तोपर्यंतची पंधरा वर्षे हे दोघे दर रविवारी चिनी बुद्धिबळ खेळत. त्या सायकलवरच्या वाक्याचा उल्लेख दोघांनीही कधी केला नाही. केलेली चाल मागे घेण्याला चिनी भाषेत ‘हुइछी’ म्हणतात आणि त्यातील ‘हुइ’ या अक्षराचा अर्थ पश्चात्ताप असा होतो. खेळाच्या शिष्टाचारात ते बसत नाही.

निघताना मी नातीमार्फत एवढेच विचारले होते, की खेळात कोण जिंकायचे? आजोबा म्हणाले, “बहुतेक तोच. मी चाल परत घेतली तर तो काही म्हणत नसे. त्याने स्वतः कधी घेतली नाही.” मग माझ्या पेल्यातला चहा गार झाला आहे असे म्हणून ते गरम पाण्याचा थर्मास आणायला उठले.